देवीचे गणगोत

२००९ सालच्या शिमग्याला मी आजोळी गेलो होतो. आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातले. घरी सात म्हशी, दोन रेडके आणि सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेला घागर घालण्याची तीन पिढ्यांची वहिवाट. पोचलो तेव्हा घरात फोडणीचा वास नव्हता. सणाचा दिवस, आणि आमटीला फोडणी नाही! दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला दिसला तेव्हा उलगडा झाला. मामांचा थोरला मुलगा संभा आतल्या खोलीत तापाने पडला होता. त्याच्या उजव्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर टपोरे फोड आले होते, मध्ये खळगा पडलेले, कडेने लाल. काखेत अवधाण आले होते. माझी आजी, त्या वेळी पंच्याऐंशी ओलांडलेली, उंबऱ्याशी बसून होती. ती आत जात नव्हती आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नव्हती.

"देवी हाय ती," आजी म्हणाली. "मला वळखू येत न्हाई व्हय?"

तिला ओळखू येणारच. तिच्या तोंडावर देवीचे वण होते आणि त्याच साथीत तिची पाठची बहीण गेली होती. मी तिला समजावू लागलो, की देवी आता जगात नाही. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिवेशनात देवी गेल्याची द्वाही फिरवली गेली. आजीने ऐकून घेतले. "तुमच्या कागदावरनं गेली असंल," एवढेच ती म्हणाली.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी गोठा पाहिला. दोन म्हशींच्या सडांवर तसलेच फोड होते, एकीला त्यापायी दगडी झाली होती. मग संभाचा हात पाहून ते हसले व म्हणाले, "घाबरू नका, ही म्हशीची देवी. धार काढताना लागली. पंधरा-वीस दिवसांत खपली धरून जाईल."

आजीने माझ्याकडे पाहिले. "म्हंजे देवीच की रं!"

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दाच्या अर्थावरून वाद घालणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण त्या दिवशी आजीला उत्तर देता आले नाही, कारण तिचा प्रश्न नुसता शब्दाचा नव्हता. म्हशीची देवी म्हणजे माणसाची देवी का? नसेल, तर दोघींचे नाव एक का? आणि असेल, तर घराला कडुलिंब बांधणारी म्हातारी बरोबर आणि मी चूक. पुढे अनेक वर्षे जमेल तसे वाचत गेलो. आमच्या वार्षिकांकात विज्ञानाचे पान बहुधा कोरेच राहते, म्हणून ते वाचलेले यंदा येथे मांडतो. जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या भाषेत 'देवी' हा शब्द फार सैल वापरला जातो. माणसाच्या देवी, म्हशीच्या, शेळ्यामेंढ्यांच्या, कोंबड्यांच्या देवी. अंगावर फोड आले की देवी. यांतल्या बहुतेक खरोखरच एका घराण्यातल्या आहेत, ही नवलाची गोष्ट. इंग्रजीत त्या घराण्याला पॉक्स म्हणतात. पण इंग्रजीही आपल्याइतकीच सैल. आपण ज्यांना कांजिण्या म्हणतो त्यांना इंग्रज 'चिकनपॉक्स' म्हणतो. त्या रोगाचा कोंबडीशी संबंध नाही आणि देवीच्या घराण्याशीही नाही. त्याचा विषाणू नागिणीचा, म्हणजे हर्पिसच्या कुळातला. येथे मराठीने कांजिण्यांना निराळे नाव देऊन इंग्रजीपेक्षा बरे वर्गीकरण केले, असे म्हणायला हरकत नाही.

पॉक्सचे विषाणू इतर विषाणूंच्या मानाने धिप्पाड. आकार विटेसारखा, आणि लांबी एवढी की तीन हजारांवर विटा ओळीने मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. डीएनएवर वाढणारे बहुतेक विषाणू पेशीत शिरले की तिच्या केंद्रकात, म्हणजे मालकाच्या माजघरात जाऊन त्याच्याच भांड्यांत स्वयंपाक करतात. पॉक्सचा विषाणू ओसरीवरच चूल मांडतो. लागणारी बरीचशी भांडीकुंडी तो बरोबर आणतो. त्यामुळे त्याचा ग्रंथही मोठा. करोनाच्या विषाणूचा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा, तर देवीच्या विषाणूचा एक लाख शहाऐंशी हजारांचा. कॅनरी पक्ष्याच्या देवीचा तर साडेतीन लाखांच्या वर.

या मंडळींची वंशावळ लावायची कशी? सुरुवातीची रीत आपल्या बोलीभाषेसारखीच होती: ज्या जनावरात दिसला त्याचे नाव द्यायचे. मग कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर विषाणू वाढवून पाहण्याची पद्धत निघाली. माणसाच्या देवीचा विषाणू त्यावर बारीक पांढरे ठिपके उठवी, गाईच्या देवीचा लालभडक. किती उष्णतेपर्यंत वाढ होते हेही पाहत. पुढे १९७०च्या दशकात डीएनएचे ठरावीक जागी तुकडे करणारी रसायने हाती आली आणि तुकड्यांच्या लांबीवरून घराणी जुळवता येऊ लागली. १९९० मध्ये लशीच्या विषाणूचा आणि १९९३ मध्ये माणसाच्या देवीचा सबंध मजकूर अक्षरशः वाचून झाला. या दुसऱ्या वाचनासाठी वापरलेल्या वाणाचे नाव 'इंडिया-१९६७'. तो आपल्याच एका रोग्याच्या अंगावरून घेतलेला, हे वाचताना मला आजीचा चेहरा आठवला.

मजकूर वाचल्यावर नाते कसे ठरवतात, हे कला शाखेच्या विद्यार्थ्याला समजावून सांगणे सर्वांत सोपे, कारण ते काम आपण विज्ञानवाल्यांच्या आधीपासून करीत आहोत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व ते १९६६ साली पुरे केले. देशभरातून बाराशेंवर हस्तलिखिते तपासली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्यात जी रीत बसवली तिचे मर्म असे: दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, बरोबर तर सगळेच लिहितील, पण दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी असेल, तर त्या एका पोथीवरून उतरल्या असल्या पाहिजेत. चुकांचे साम्य म्हणजे रक्ताचे नाते. विषाणू पेशीत वाढतो तेव्हा तो आपल्या ग्रंथाची नक्कलच करीत असतो. नक्कल करताना एखादे अक्षर बदलते, ओळ गळते, कधी एकच ओवी दोनदा उतरवली जाते. ही पाठभेदांची यादी जुळवली की कोणती पोथी कोणत्या शाखेची, ते कळते.

देवीच्या पोथ्यांचा एक विशेष आहे. ग्रंथाचा मधला भाग सर्वांत जवळपास सारखा. कण्याच्या प्राण्यांना होणाऱ्या सर्व पॉक्स विषाणूंत नव्वद जनुके समाईक सापडतात, तीही बहुतेक त्याच क्रमाने. किड्यांना होणारे पॉक्सही धरले तर हा आकडा एकोणपन्नासवर येतो. विषाणूचा रोजचा संसार या जनुकांवर चालतो. फरक दिसतात ते दोन्ही टोकांना. लुगड्याचे अंग एक, काठ-पदर निरनिराळे, तसे. आणि या काठ-पदरातच सारी गोम आहे, कारण कोणत्या प्राण्यात शिरायचे, तेथल्या पहारेकऱ्यांना कसे फसवायचे, हे सांगणारी जनुके टोकांना असतात. २०१२ मध्ये अमेरिकेत एक सुरेख प्रयोग झाला. लशीच्या विषाणूचे एक महत्त्वाचे फसवे जनुक काढून घेऊन त्याला माणसाच्या पेशीत वाढवले. त्याने काय करावे? त्याच कामाच्या दुसऱ्या एका दुबळ्या जनुकाच्या भराभर नकला करून ग्रंथ फुगवला. पुढे एखाद्या नकलेत कामाचा बदल झाला की जादा नकला गाळून टाकायला मोकळा. पेटीचा भाता फुगावा-मिटावा तसे हे चालते. डीएनएचे विषाणू सावकाश बदलतात म्हणतात, पण अडचणीत सापडल्यावर ते असे हातपाय मारतात.

आता खुद्द घराण्याकडे येतो. सस्तन प्राणी, पक्षी वगैरेंना होणाऱ्या पॉक्सचे डझनाहून अधिक वंश मानले आहेत. पक्ष्यांचा एक. शेळी-मेंढी-गाईचा एक, त्याच्याकडे मला शेवटी परत यायचे आहे. सशांचा एक, १९५० साली ऑस्ट्रेलियात ससे मारण्यासाठी सोडला तो याच वंशातला. शेळ्यामेंढ्यांच्या तोंडाला फोड आणणारा आणखी एक, तो धनगरांच्या हातालाही होतो. माणसाची देवी, म्हशीची देवी, उंटाची देवी, गाईची देवी आणि जिला पूर्वी मंकीपॉक्स म्हणत ती एमपॉक्स, या सर्व ऑर्थोपॉक्स या एका वंशात येतात. सख्ख्या नव्हेत, पण चुलत-मावस बहिणी म्हणण्याइतक्या जवळच्या. एक झाली की दुसरीपासून बरेच संरक्षण मिळते, इतक्या जवळच्या. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस एका मुलाला टोचली आणि त्याला देवीपासून वाचवले, ते या नात्याच्या बळावर.

आपला 'लस' हा शब्द मला फार आवडतो. जखमेतून पाझरते ती लस. इंग्रजी 'व्हॅक्सिन'मध्ये गाय आहे, आपल्या शब्दात फोड आहे. आणि आपला शब्द अधिक खरा ठरला आहे. कारण त्या इंग्रजी नावातली गाय शास्त्रज्ञांनी शोधायला घेतली तेव्हा ती सापडेना.

ती हकीकत अशी. जेन्नरची लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मजला करीत मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानात लस घेतलेली पहिली व्यक्ती ती. तेथून ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी पसरली. नंतर लस वासरांवर वाढवू लागले. वासराची कातडी भादरून तीवर ओरखडे काढायचे, बीज चोळायचे आणि काही दिवसांनी उठलेले फोड खरवडून घ्यायचे. आपल्याकडे या कामी रेडके आणि मेंढ्याही वापरल्या. बेळगावचा व्हॅक्सिन डेपो या लशीसाठीच होता; लस बनणे थांबले तरी मैदानाला नाव आहे. दीडशे वर्षे सर्वांची समजूत एकच, की बाटलीत आहे ती गाईची देवी. १९३९ साली इंग्लंडात अ‍ॅलन डाउनी यांनी दोन्ही विषाणू शेजारी ठेवून तपासले, तेव्हा कळले की लशीतला विषाणू गाईतल्या देवीहून वेगळा आहे. त्याला व्हॅक्सिनिया हे स्वतंत्र नाव राहिले, पण तो आला कोठून?

जेन्नरने १७९८च्या आपल्या पुस्तकातच म्हटले होते, की गाईची देवी मुळात घोड्याच्या पायाच्या एका रोगापासून येते. लोकांनी ते बाजूला टाकले. पुढे मंगोलियात १९७६ साली घेतलेल्या घोड्याच्या देवीच्या विषाणूचा मजकूर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो व्हॅक्सिनियाच्या अगदी जवळचा निघाला. आणि २०१७ मध्ये फिलाडेल्फियात १९०२ साली बनवलेल्या लशीचा जपून राहिलेला नमुना वाचला, तर त्यातला विषाणूही या घोड्याच्या देवीचाच जवळचा नातलग. जेन्नरच्या पदरी हे माप सव्वादोनशे वर्षांनी पडले.

उलट ज्या विषाणूला गाईचे नाव मिळाले, त्याचे घर गाईत नाहीच. तो युरोपातल्या रानउंदरांत राहतो. मांजर उंदीर धरते, तिच्या पंज्याला फोड येतात, आणि मांजर कुरवाळणाऱ्याला ते होतात. गाय त्यात क्वचितच सापडते. शिवाय २०११च्या सुमारास त्याचे अनेक नमुने जुळवून पाहिले तेव्हा 'गाईची देवी' या एका नावाखाली निदान पाच वेगवेगळ्या शाखा दडलेल्या निघाल्या, त्यांतल्या काही एकमेकींपेक्षा दुसऱ्याच विषाणूंना जवळच्या. एका आडनावाची पाच घरे, आणि भाऊबंदकी कोणाचीच कोणाशी नाही, अशी गावे आपण पाहतोच.

येथे सुखटणकरांच्या पद्धतीशी एक गमतीचा विरोध दिसतो. महाभारताच्या बाबतीत लांबलेली पोथी म्हणजे मागाहून भर घातलेली, हा सामान्य नियम. दाक्षिणात्य प्रत लांब, तिच्यात प्रक्षेप जास्त. ऑर्थोपॉक्सच्या वंशात नेमके उलट. उंदरांच्या, म्हणजे त्या तथाकथित गाईच्या देवीची पोथी सर्वांत लांब, सुमारे सव्वादोन लाख अक्षरांची, आणि तिच्यात जवळजवळ सर्व जनुके शाबूत. तीच मूळ पोथीच्या जास्त जवळ. घोड्याची देवी दोन लाख बारा हजारांची, उंटाची दोन लाख पाच हजारांची, एमपॉक्सची एक लाख सत्त्याण्णव हजारांची, आणि माणसाची देवी सर्वांत तोकडी. जी अनेक प्राण्यांत फिरते तिचा पसारा मोठा. जिने माणसाशिवाय दुसरे घर ठेवले नाही, तिने घराघराच्या किल्ल्या टाकून दिल्या. २०२० साली उत्तर युरोपातल्या जुन्या सांगाड्यांच्या दातांतून आणि हाडांतून देवीच्या विषाणूचे अवशेष वाचले गेले. त्यांतले काही चौदाशे वर्षांपूर्वीचे. त्यांत अशी कित्येक जनुके शाबूत आढळली, जी विसाव्या शतकातल्या देवीत मोडलेली आहेत. म्हणजे ही गळती ऐतिहासिक काळातही चालूच होती. आणि माणसाशिवाय दुसरे घर नव्हते, म्हणून तर तिला हाकलता आले. तिने एखादा उंदीर राखून ठेवला असता, तर १९८०ची द्वाही फिरलीच नसती.

तिच्या सर्वांत जवळच्या नातलग दोन. एक उंटाची देवी. दुसरी पश्चिम आफ्रिकेतल्या डाहोमी, म्हणजे आताच्या बेनिन देशात १९६८ साली एका रानउंदरात सापडलेली. उंटाची देवी माणसाला सहसा होत नाही. पण राजस्थानात उंट राखणाऱ्या तिघांच्या हाताबोटांवर ती झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध होऊन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आजीच्या देवीची सख्खी बहीण म्हशीकडे नव्हे, उंटाकडे.

मग संभाला झालेली ती कोण? म्हशीची देवी पहिल्यांदा नोंदली गेली १९३४ साली, अखंड हिंदुस्थानात, लाहोरला. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७च्या साथींतले नमुने कीथ डंबेल यांनी तपासले, १९९२ ते १९९६च्या साथींचा पुन्हा अभ्यास झाला, आणि २००९च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांत म्हशींना आणि माणसांना एकदमच जी झाली तिचा तपास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केला. संभाचा ताप त्याच हंगामातला. या सर्व तपासांतून विषाणूची जागा ठरली ती व्हॅक्सिनियाच्या, म्हणजे लशीच्याच विषाणूच्या शाखेत, तिची एक वेगळी फांदी म्हणून. आंतरराष्ट्रीय समितीच्या यादीत तिला निराळी जात मानलेली नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आजी ज्याला देवी समजून घाबरली, तो देवीला मारणाऱ्या लशीचा भाऊ होता! तो गोठ्यात आला कसा, याबद्दल दोन मते आहेत. एक असे, की लशीतलाच विषाणू टोचलेल्या माणसाच्या हातून म्हशीला लागला आणि तेथेच नांदू लागला. ब्राझीलमध्ये १९९९ साली दुभत्या गाईंत आणि गवळ्यांत जो विषाणू सापडला तो तेथल्या जुन्या लशीच्या वाणाचाच जवळचा नातलग ठरला आहे, त्यामुळे या मताला जोर आहे. दुसरे मत असे, की तो जनावरांतला स्वतंत्र जुना रहिवासी असावा. मला स्वतःला पहिले मत पटते. पण ते मराठीच्या प्राध्यापकाचे मत आहे.

संभाला फोड आले, मामांना आले नाहीत. दोघेही त्याच म्हशींची धार काढत होते. फरक एवढाच, की मामांच्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीचे दोन वाटोळे वण आहेत, आणि संभा जन्मला तोवर टोचणे बंद झाले होते. देवी गेली म्हणून लस थांबवली, ते योग्यच होते. पण त्या एका लशीने साऱ्या भाऊबंदांना दाराबाहेर ठेवले होते, हे मागाहून ध्यानात आले. एमपॉक्स वाढण्यामागेही हे एक कारण मानतात. तिचे जुने नावही फसवेच. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत आशियातून आणलेल्या माकडांत ती दिसली म्हणून 'माकडाची'. प्रत्यक्षात तिचा वावर मध्य व पश्चिम आफ्रिकेतल्या खारी-उंदरांत असावा, असेच पुरावे सांगतात. माणसातला पहिला रोगी १९७० साली आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात सापडलेले नऊ महिन्यांचे मूल. तिच्या दोन मुख्य शाखा आहेत; पूर्वी त्यांना आफ्रिकेतल्या प्रदेशांची नावे होती, ती काढून २०२२ साली नुसते आकडे दिले. पहिली अधिक मारक. दुसरीच्या एका फांदीने २०२२ मध्ये जगाचा फेरा केला व जुलैमध्ये केरळातही एक बळी घेतला.

या प्रकरणात पाठचिकित्सेचा फार सुंदर दाखला मिळाला. प्रत्येक लेखनिकाची चुकण्याची एक लकब असते. एखादा 'ष'चा 'श' करतो, आणि दहा ठिकाणी तसे दिसले की पोथी कोणाच्या हातची ते कळते. माणसाच्या पेशीत विषाणूच्या मजकुराची मोडतोड करणारे एक संरक्षक द्रव्य आहे. ते ठरावीक अक्षराच्या शेजारचेच अक्षर बदलते. २०२२च्या नमुन्यांत असे बदल इतके सापडले, की ही पोथी बराच काळ उंदराच्या नव्हे, माणसाच्या हाती नकलली जात होती हे उघड झाले. हिशेब मागे नेला तेव्हा वर्ष आले २०१६. सहा वर्षे एक रोग माणसांतून माणसांत फिरत होता, आणि जगाची समजूत अशी, की तो अधूनमधून जनावरांतून येतो.

आता तो राखून ठेवलेला वंश. २०२२च्या भाद्रपदात मामांचा फोन आला. आवाज घाबरा. "गाईस्नी लंपी आलीया गावात. तालुक्याच्या गिऱ्हाइकांनी रतीब तोडलं. आपल्या संभाला मागल्या येळंसारखं व्हईल काय रं? आन् दूध प्यावं का न्हाई?" संभाने मधल्या काळात तीन संकरित गाई घेतल्या होत्या, कर्ज काढून. गावात जनावरांचा बाजार बंद, शर्यती बंद, आणि दोन-तीन घरांच्या गाई गेलेल्या.

या वेळी मला उत्तर ठाऊक होते. लंपीचा विषाणू पॉक्सच्याच घराण्यातला, पण वंश वेगळा. १९२९ साली आताच्या झांबियात प्रथम दिसली, भारतात २०१९ साली ओडिशात उतरली. माशा, डास, गोचिड्या तिला एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. ती माणसाला होत नाही. संभाच्या बोटाला लागली ती ऑर्थोपॉक्सच्या वंशातली. गाव तिच्या आठवणीवरून हिला भीत होते. दूध उकळून खुशाल प्या, असे मी सांगितले. तेच सरकारी डॉक्टरही सांगत होते, पण तुटलेले रतीब महिनाभर जुळले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. लस टोचायला लोक आले होते आणि मामांनी त्यांना गोठ्याच्या दारात अडवून धरले होते. बाटलीवर शेळ्यांच्या देवीची लस असल्याचे लिहिले होते. "गाईला शेळीची लस? मला काय खुळं समजत्यात?"

हसू आले, पण शंका रास्त होती. या वंशात तिघेच: मेंढीची देवी, शेळीची देवी आणि गाईची लंपी. तिघांच्या मजकुरात शंभरात सुमारे सत्त्याण्णव अक्षरे सारखी. म्हणून शेळीची लस गाईला उपयोगी पडते. जेन्नरचीच युक्ती, नात्यातल्या सौम्य माणसाला पुढे करून दांडग्याला अडवायचे. मात्र नाते नावावरून नव्हे, मजकुरावरून ठरवावे लागते. केनियात मेंढ्यांपासून घेतलेला एक वाण मेंढ्या-शेळ्यांच्या देवीची लस म्हणून वर्षानुवर्षे वापरात होता. जनुके वाचल्यावर कळले, की तो मुळात लंपीचाच विषाणू. शेळ्यांना ठीक, पण गाईला तो पुरेसा सौम्य नव्हता, आणि तो टोचलेल्या गाईंत रोगाची लक्षणे दिसत. बाटलीवरचे नाव आणि आतले कूळ वेगळे असले म्हणजे गोठ्यात काय होते, ते यावरून दिसते. आपल्याकडची शेळ्यांच्या देवीची लस मात्र शेळीच्याच विषाणूची, हे मी मामांना तीन वेळा सांगितले.

"उंट, घोडा, उंदीर, शेळी... लई मोठं खटलं दिसतंय त्या बाईचं," मामा म्हणाले. आजी असती तर तिनेही असेच काही म्हटले असते; ती त्याआधी चार वर्षे गेली.

मामांनी दोन गाईंना टोचून घेतले. तिसरीच्या अंगावर आदल्या रात्रीच गाठी उठल्या होत्या, म्हणून तिला टोचली नाही. ती वाचली, पण त्या वेताला पुन्हा दुधावर आली नाही.